वजन कमी करायचंय? किराण्याच्या यादीपासून सुरुवात करा

वजन कमी करायचं ठरलं की आपल्याकडे पहिला खर्च बुटांवर होतो आणि दुसरा जिमच्या फीवर. स्वयंपाकघरात मात्र काहीच बदलत नाही. महिन्याच्या किराण्यात तेल तेवढंच येतं, साखर तेवढीच येते, फरसाण आणि बिस्किटांची पाकिटं सवयीने पिशवीत पडतात. मग निश्चय केलेला माणूस दिवसभर त्या डब्यांसमोरून जा-ये करतो आणि कधीतरी झाकण उघडतोच. त्यात त्याच्या मनाचा दुबळेपणा थोडा, घरातल्या मांडणीचा दोष जास्त.

आपल्याकडे जेवण ही एकट्याची गोष्ट नसते. रांधणारी एक, वाढणारा दुसरा, आग्रह करणारा तिसरा. घरातल्या एकासाठी वेगळं ‘डाएट’ शिजवायचं ठरलं, की रांधणारीचं काम दुप्पट होतं आणि पंधरा दिवसांत तो बेत बारगळतो. बहुतेक वेळा ती स्वतः सगळ्यांच्या नंतर जेवते, मुलांच्या ताटातलं उरलेलं संपवते आणि तिच्या वजनाचा विचार करायला घरात कुणाला सवड नसते. म्हणून पुढे दिलेल्या सवयी एकट्याच्या नाहीत, घराच्या आहेत. त्यांना वेगळा स्वयंपाक लागत नाही आणि बाजारातून काही खास आणावंही लागत नाही. बरंचसं आणायचं कमीच करायचं आहे.

आधी टेप, मग काटा

वजनकाट्यावरचा आकडा सगळं सांगत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन यडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच फोटो छापला होता. उंची आणि वजन यांवरून काढला जाणारा बीएमआय दोघांचाही २२.३. पण यडकिन यांच्या शरीरात चरबी होती ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. अंगाने बारीक दिसणारा भारतीय माणूस आतून चरबी बाळगून असू शकतो, हे त्या एका चित्राने जगाला दाखवलं. ही चरबी पोटात साठली की मधुमेह, रक्तदाब आणि हृदयविकाराचा धोका वाढतो.

म्हणूनच भारतीयांसाठी मर्यादा अधिक कडक आहेत. बीएमआय २३ च्या वर गेला की वजन जास्त, २५ च्या वर गेला की लठ्ठपणा. उदाहरणार्थ, १६० सेंटिमीटर उंचीच्या व्यक्तीचं वजन ५९ किलो असेल तर बीएमआय २३ येतो, ६४ किलो असेल तर २५. कमरेची मर्यादा पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर.

शिवणकामाची टेप घ्या. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध ती गुंडाळा, श्वास सोडा, पोट आत ओढू नका आणि आकडा लिहून ठेवा. पँटचा नंबर म्हणजे कमरेचं माप नव्हे. पोट सुटलं की पँट खाली सरकते आणि नंबर वर्षानुवर्षं तोच राहतो.

ध्येयही माफक ठेवा. आहे त्या वजनाच्या ५ ते १० टक्के वजन उतरलं तरी रक्तदाब, साखर आणि गुडघ्यांवरचा भार यांत फरक पडतो. ८० किलोच्या माणसाने आधी ४ किलोंचा विचार करावा. कॉलेजातलं वजन परत मिळवण्याच्या नादी लागू नये.

तेलाच्या बुधलीचा हिशेब

एक ग्रॅम पीठ, साखर किंवा डाळ यातून साधारण ४ कॅलरी मिळतात. एक ग्रॅम तेलातून ९. पंधरा मिलिलिटरच्या मोठ्या चमच्याने घातलेलं एक चमचा तेल म्हणजे सुमारे १२० कॅलरी, जवळजवळ एका पोळीइतक्या. पोळी आपण मोजून खातो, तेल मात्र पळीने ओततो आणि ते पोटात गेल्याचं जाणवतही नाही.

घरात माणशी महिन्याला किती तेल लागतं, ते काढा. चार माणसांत पाच लिटरचा डबा महिनाभरात संपत असेल, तर माणशी सव्वा लिटर झालं. बैठं काम करणाऱ्या मोठ्या माणसाला अर्धा लिटर पुरेसं आहे. माणशी एक लिटरवरून अर्ध्या लिटरवर आलात तरी प्रत्येकाच्या पोटात महिन्याला चार हजारांहून जास्त कॅलरी कमी जातात. कागदावर तरी हे अर्ध्या किलो चरबीएवढं होतं, तेही ताटातला एक घास न काढता.

हे जमवायचं कसं? महिन्याच्या पहिल्या तारखेला चौघांचं दोन लिटर तेल वेगळं काढा आणि ते कोणत्या तारखेला संपतं ते बघा. पहिल्या महिन्यात ते वीस तारखेलाच संपेल. घाबरू नका, पुढच्या महिन्यात बावीस-तेवीस तारीख गाठा. फोडणीला पळीऐवजी चमचा वापरा. चौघांच्या भाजीला दोन लहान चमचे तेल पुरतं. भाजी कोरडी पडून लागू लागली तर आणखी तेल घालू नका. कढईवर ताटली ठेवा, ताटलीत पाणी घाला आणि वाफेवर शिजू द्या. आपल्या आज्या हे करतच होत्या. रोज घडीची पोळी होत असेल तर आठवड्यातले चार दिवस फुलके करा. तळण करायचंच असेल तर पंधरा दिवसांतून एकदा करा आणि ते जेवणाचा भाग म्हणून, चारच्या चहाबरोबर नव्हे.

तुपालाही हीच मोजणी लागू आहे. कॅलरीच्या बाबतीत तूप तेलापेक्षा हलकं नाही. वरणभातावर एक लहान चमचा तूप घ्या, पण ते त्या दिवसाच्या हिशेबात धरा. दाण्याचा कूट आणि सुकं खोबरं यांचंही तसंच. शेंगदाण्यात जवळपास निम्मं तेल असतं आणि सुक्या खोबऱ्यात त्याहून जास्त. कोशिंबिरीत, भाजीत, आमटीत असा तिन्हीकडे मूठ मूठ कूट पडला, तर तेल वाचवल्याचा उपयोग उरत नाही.

चहाचे कप आणि साखरेचा डबा

सकाळी उठल्यावर एक, नाश्त्याबरोबर एक, ऑफिसात एक, संध्याकाळी एक असा चार वेळा चहा होतो. प्रत्येक कपात दोन चमचे साखर असेल, तर दिवसाला ३५ ते ४० ग्रॅम साखर केवळ चहातून जाते. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये जी आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध केली, त्यांत वरून घातलेल्या साखरेची मर्यादा दिवसाला २० ते २५ ग्रॅम सांगितली आहे. म्हणजे बिस्किटं, श्रीखंड, जाम, थंड पेयं यांतली साखर मोजण्याआधीच मर्यादा ओलांडलेली असते.

चहा सोडू नका. साखर दर आठवड्याला पाव चमचा कमी करा. जीभ दोन-तीन आठवड्यांत नव्या चवीला रुळते आणि मग जुना दोन चमच्यांचा चहाच गोड वाटू लागतो. घरात चौघांना महिन्याला दोन किलो साखर पुरवायची, असं उद्दिष्ट ठेवा.

‘गुळाचा चहा’ अशा पाट्या आता नाक्यानाक्यावर दिसतात. चव आवडत असेल तर जरूर प्या, पण वजनासाठी गूळ आणि साखर यांत फारसा फरक नाही. मधाचंही तेच. चहाबरोबरची खारी आणि बटर हीसुद्धा मैदा आणि चरबी यांची जोडी आहे. ‘एकच घेतली’ म्हणेपर्यंत तीन जातात. चहाबरोबर काही लागतंच असेल तर फुटाणे किंवा चुरमुरे ठेवा.

ताट वाढताना

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या त्याच तत्त्वांत आणखी एक गोष्ट आहे. आपल्या दिवसाच्या ५० ते ७० टक्के कॅलरी धान्यातून येतात आणि हे प्रमाण ४५ टक्क्यांवर यायला हवं. मराठी ताट बघितलं की हे लगेच पटतं. आधी वरणभात, मग पोळ्या, मग शेवटी ताकभात. भाजी तोंडी लावण्यापुरती आणि कोशिंबीर डाव्या बाजूला चमचाभर.

ताटातले पदार्थ बदलायचे नाहीत, त्यांचं प्रमाण बदलायचं. कोशिंबीर चमचाभर न वाढता वाटीभर वाढा. भाजी दीड वाटी घ्या. दोन भातांपैकी एकच ठेवा, पहिला किंवा मागचा, जो आवडतो तो. आणि जेवणाचा क्रम उलटा करा. आधी कोशिंबीर आणि भाजी, मग उसळ किंवा वरण, शेवटी पोळी-भात. पोट अर्धं भरल्यावर धान्य हाती आलं की आपोआप कमी घेतलं जातं.

भाकरीबद्दल एक गैरसमज आहे. ज्वारी-बाजरीची भाकरी चांगलीच, तिला तेल लागत नाही आणि ती सावकाश चावावी लागते. पण चांगली मोठी भाकरी ६०-७० ग्रॅम पिठाची असते, म्हणजे दोन फुलक्यांएवढी. ‘भाकरीने वजन वाढत नाही’ म्हणून दोन-तीन भाकऱ्या खाल्ल्या, तर हिशेब तिथेच फिसकटतो. दुपारी एक भाकरी आणि भरपूर भाजी-उसळ, हे प्रमाण ठेवा.

प्रथिनांकडे मात्र मुद्दाम लक्ष द्यायला हवं. ६० किलोच्या माणसाला दिवसाला साधारण ५० ग्रॅम प्रथिनं लागतात. वजन उतरताना ती कमी पडली तर चरबीबरोबर स्नायूही झिजतात आणि अशक्तपणा येतो. शिवाय प्रथिनं पोटात असली की भूक उशिरा लागते. पातळ आमटीच्या वाटीत डाळ अगदी थोडी असते. तिच्यातून जेमतेम चार ग्रॅम प्रथिनं मिळतात. त्याच डाळीचं घट्ट वरण केलं तर दुप्पट मिळतात. मटकी, मूग, चवळी, हरभरा यांपैकी एक उसळ रोज ताटात असू द्या. एका अंड्यात ६ ग्रॅम प्रथिनं असतात. मासे खाणाऱ्यांनी बांगडा, तारली, मांदेली रवा लावून भरपूर तेलात न तळता कालवणात किंवा तव्यावर थोड्या तेलात करावे. शाकाहारी घरात पिठलं, मुगाचं धिरडं, दही-ताक यांचा आधार आहे. प्रथिनांच्या पावडरीचे डबे सर्वसाधारण माणसाला लागत नाहीत.

आणि ताटात उरलेलं संपवणं ही आईची जबाबदारी नव्हे. मुलांना कमी वाढा, लागलं तर परत वाढा, उरलेलं डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवा. रोज चार घास जास्त जाणं म्हणजे वर्षभरात काय होतं, हे काट्यावर दिसतं.

संध्याकाळचा सहाचा सुमार

दिवसभराचं पथ्य मोडतं ते संध्याकाळी. दुपारचा डबा एकला संपलेला असतो आणि घरी पोचायला साडेआठ-नऊ वाजणार असतात. दादर, ठाणे, कल्याणच्या स्टेशनबाहेर वड्यांचा घाणा निघत असतो. एक वडापाव सुमारे ३०० कॅलरींचा. तो उतरवायला तासाभराहून जास्त झपझप चालावं लागेल, आणि त्याने भूक भागली तरी घरी गेल्यावर जेवण होतंच.

ही भूक खरी आहे. तिच्याशी भांडत बसण्याऐवजी तिची सोय करा. ऑफिसच्या पिशवीत मूठभर फुटाणे, एखादं केळं किंवा पेरू, उकडलेलं अंडं किंवा वाटीभर मोड आलेले मूग यांपैकी काहीतरी ठेवा आणि साडेपाच-सहाला खा. म्हणजे वड्याचा वास टाळून पुढे जाणं जमतं आणि रात्री घरी आल्यावर माणूस ताटावर तुटून पडत नाही. रात्री उशीर झाला तर जेवण हलकं असू द्या. वाटीभर मुगाची खिचडी, भाजी आणि ताक पुरतं.

पाकिटातल्या खाण्याचा धोका वेगळा आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगासाठी वीस जणांना आपल्याकडे ठेवून घेतलं. दोन आठवडे कारखान्यात बनलेलं, अतिप्रक्रिया केलेलं खाणं आणि दोन आठवडे साधं, ताजं खाणं. दोन्ही वेळा हवं तेवढं खायची मुभा होती. पाकीटबंद खाण्याच्या काळात लोकांनी रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खाल्ल्या आणि दोन आठवड्यांत त्यांचं वजन जवळपास एक किलोने वाढलं. समोर ठेवलेल्या दोन्ही जेवणांत कॅलरी, साखर, चरबी सारखीच होती, तरीही हे झालं. म्हणून वेफर्स, फरसाण, बिस्किटं ‘थोडीच खायची’ असं ठरवण्यापेक्षा ती घरात न आणणं सोपं. पाहुण्यांसाठी आणायची सबब सांगू नका. पाहुणे महिन्यातून दोनदा येतात, डबा आपण रोज उघडतो.

दोनदा जेवावं की दर दोन तासांनी?

महाराष्ट्रात या प्रश्नावरून घराघरांत वाद झाले आहेत. डॉ. जगन्नाथ दीक्षित दिवसातून दोनदाच, तेही ५५ मिनिटांच्या आत जेवायला सांगतात. आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर थोड्या थोड्या वेळाने, घरचं, आपल्या भागातलं खायला सांगतात. दोन्हींकडे वजन उतरलेले लोक आहेत आणि दोन्हींकडे पुन्हा वाढलेलेही आहेत.

संशोधन काय सांगतं? चीनमध्ये १३९ लठ्ठ व्यक्तींवर झालेला एक प्रयोग २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. सगळ्यांनी कॅलरी सारख्याच कमी केल्या. अर्ध्यांनी त्या सकाळी आठ ते दुपारी चार याच वेळेत खाल्ल्या, अर्ध्यांना वेळेचं बंधन नव्हतं. वर्षभराने दोन्ही गटांच्या वजनात म्हणावा असा फरक निघाला नाही. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाने ६०९ लोकांना कमी चरबीचा आणि कमी पिष्टाचा असे दोन आहार देऊन पाहिले. २०१८ मध्ये निष्कर्ष आला तोही असाच. वर्षभरात दोन्ही गटांचं सरासरी वजन पाच-सहा किलोंनी उतरलं होतं.

यातून निवाडा सरळ निघतो. जी पद्धत तुम्हाला वर्षभर पाळता येईल, ती तुमची. दोन जेवणांमध्ये खाण्याचा मोह होणाऱ्याला दोनदा जेवण्याचा नियम सोपा जातो, कारण त्याला निर्णयच घ्यावा लागत नाही. उपाशी राहिल्यावर डोकं दुखणाऱ्या, चिडचिड होणाऱ्या माणसाने तो धरू नये. आणि मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असलेल्यांनी जेवणाच्या वेळा डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलू नयेत. औषध तेवढंच आणि खाणं कमी झालं, तर साखर एकदम खाली जाऊ शकते.

उपवास, सणवार आणि आग्रह

‘एकादशी, दुप्पट खाशी’ ही म्हण उगाच पडलेली नाही. साबुदाण्यात पिष्टाशिवाय जवळजवळ काहीच नसतं. शंभर ग्रॅममध्ये साडेतीनशेच्या आसपास कॅलरी आणि प्रथिनं एक ग्रॅमही नाहीत. त्यात तूप, कूट आणि बटाटा पडला की खिचडीची एक बशी पूर्ण जेवणाच्या तोडीची होते, वर भूक लवकर लागते ती वेगळीच. श्रावणात किंवा नवरात्रात उपवास करत असाल, तर वऱ्याचे तांदूळ, राजगिरा, उकडलेलं रताळं, काकडीची कोशिंबीर, ताक आणि फळं यांवर भर द्या. साबुदाणा एखाद्या दिवशी, एकच बशी.

सणाला गोड खा. पुरणपोळी वर्षातून चारदा खाल्ल्याने कुणाचं वजन वाढत नाही. वाढतं ते दिवाळीचं फराळ डब्यांतून तीन आठवडे उरल्याने आणि रोज चहाबरोबर चार शंकरपाळे, एक लाडू, थोडा चिवडा असं खाल्ल्याने. सात पदार्थांऐवजी तीन करा, निम्म्या मापाने करा, आणि भाऊबीज झाली की उरलेलं वाटून टाका.

आग्रहाला उत्तर आधीच तयार ठेवा. पंगतीत ‘नको’ म्हटलं की आग्रह वाढतो, ताट रिकामं दिसलं तरी वाढतो. म्हणून ताटात थोडं ठेवूनच जेवा आणि ‘काकू, अर्धीच वाढा, सावकाश घेते’ असं म्हणा. यजमानीण दुखावत नाही आणि तुमचं माप सुटत नाही. घरचे तुमच्यावर प्रेम करतात म्हणूनच आग्रह करतात. त्यांना पहिल्याच आठवड्यात स्पष्ट सांगा की मला वजन कमी करायचंय, मला आग्रह करू नका. एवढं सांगितल्याने अर्धं काम होतं.

चालणं आणि ताकद

व्यायामाने वजन किती उतरेल, याबद्दल अपेक्षा वाजवी ठेवा. सत्तर किलोचा माणूस तासभर झपझप चालला तर २०० ते २५० कॅलरी खर्च होतात. घरी येऊन दोन लाडू खाल्ले की त्या परत येतात. वजन मुख्यतः ताटातून उतरतं. पण उतरलेलं वजन टिकवायला, पोटाची चरबी कमी करायला, साखर आणि रक्तदाब आवरायला चालण्याशिवाय पर्याय नाही. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम आणि आठवड्यातून दोनदा स्नायूंचा व्यायाम सांगते.

दीडशे मिनिटं एकदम काढायची नाहीत. आपली शतपावली परत सुरू करा, मात्र ती शंभर पावलांवर थांबवू नका. दोन्ही जेवणांनंतर दहा-पंधरा मिनिटं चाललात तर जेवणानंतर चढणारी साखर कमी चढते आणि आठवड्याची दीडशेच्या आसपास मिनिटंही भरतात. पावसाळ्यात बाहेर पडणं होत नसेल तर इमारतीच्या पार्किंगमध्ये, गच्चीच्या जिन्यात किंवा घरातल्या घरात फेऱ्या मारा. फोनवर बोलताना बसू नका. बस एक थांबा आधी सोडा.

ताकदीसाठी जिमच हवं असं नाही. जोर-बैठका आपल्याकडच्याच आहेत. जमिनीवर जोर जमत नसतील तर भिंतीला हात टेकून मारा. गुडघे दुखत असतील तर हाताचा आधार न घेता खुर्चीवरून दहा वेळा उठा-बसा. सूर्यनमस्कार येत असतील तर सहापासून सुरुवात करा. चाळिशीनंतर स्नायू आपोआप कमी होत जातात, म्हणून हा भाग स्त्रियांनीही टाळू नये.

झोप आणि वजनाची नोंद

कमी झोपणारा माणूस जास्त खातो. शिकागोमध्ये कमी झोप घेणाऱ्या, जास्त वजनाच्या ८० जणांवर झालेला अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतल्या निम्म्यांची झोप रोज सव्वा तासाच्या आसपास वाढवली, तेव्हा उरलेल्यांच्या तुलनेत त्यांचं खाणं दिवसाला सरासरी २७० कॅलरींनी कमी राहिलं. त्यांना आहाराबद्दल काहीही सांगितलेलं नव्हतं. रात्री साडेअकरा-बारापर्यंत मोबाइल बघत बसलं की पुन्हा भूक लागते आणि मग फ्रिज उघडला जातो. जेवण झालं, ओटा आवरला की स्वयंपाकघराचा दिवा बंद करा. त्यानंतर खाणं नाही, हा घराचा नियम असू द्या.

वजन आठवड्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, सकाळी पोट साफ झाल्यावर करा. रोज केलंत तर आकडा खालीवर होईल, कारण शरीरातलं पाणी मीठ, पाळी आणि प्रवासाप्रमाणे बदलतं. आदल्या रात्री पापड-लोणच्याचं खारट जेवण झालं की सकाळी किलोभर वजन वाढलेलं दिसू शकतं. ती चरबी नसते. पहिल्या आठवड्यात भराभर उतरतं तेही बरंचसं पाणीच असतं, त्यावर हुरळून जाऊ नका. त्यानंतर आठवड्याला अर्धा किलो ही उत्तम गती. कंबर महिन्यातून एकदा मोजा. काही आठवडे काटा हलत नाही, पण टेप सैल होते.

दोन-तीन महिन्यांनी वजन एका जागी अडकतं. शरीर हलकं झालं की त्याला लागणाऱ्या कॅलरीही कमी होतात, म्हणून असं होणारच. अशा वेळी उपास-तापास सुरू करू नका. तेलाचा हिशेब पुन्हा काढा, चालणं दहा मिनिटांनी वाढवा आणि चमचे पुन्हा पळ्या झालेत का ते बघा.

डॉक्टरांकडे कधी जावं

गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी, वाढत्या वयातल्या मुलांनी आणि मूत्रपिंड किंवा हृदयाचा आजार असलेल्यांनी स्वतःच्या मनाने आहार कमी करू नये. वजन कारण नसताना भराभर वाढत असेल, पायांवर सूज येत असेल, पाळी अनियमित झाली असेल, घोरणं वाढून दिवसा झोप येत असेल, तर आधी तपासण्या करा. थायरॉईडचा विकार किंवा चालू असलेली एखादी गोळीही वजन वाढवते. आणि प्रयत्न न करता वजन उतरत असेल तर खूश होऊ नका, लगेच डॉक्टरांना भेटा.

वजन कमी करणारी आठवड्याची इंजेक्शनं २०२५ पासून भारतात मिळू लागली आहेत. ती खरोखर काम करतात, पण ती औषधं आहेत आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायची असतात. त्यांतलं सेमाग्लुटाइड हे औषध घेऊन वजन उतरलेल्या लोकांनी ते बंद केलं, तेव्हा वर्षभरात उतरलेल्या वजनाचा दोन तृतीयांश भाग परत आला, असं पाहणीत दिसलं. म्हणजे घरच्या सवयी औषधाबरोबरही लागतातच. ‘महिन्यात दहा किलो’ अशी हमी देणारे काढे, चूर्णं आणि पट्टे मात्र दुकानातच राहू द्या.

पहिले चार आठवडे

सगळं एकदम करायला गेलात तर काहीच टिकणार नाही. दर आठवड्याला थोडंथोडंच बदला. पहिल्या आठवड्यात कंबर आणि वजन मोजा, चहातली साखर पाव चमचा कमी करा, बाकी काही बदलू नका. दुसऱ्या आठवड्यात तेल वेगळं काढा आणि पळीच्या जागी चमचा आणा. तिसऱ्या आठवड्यात कोशिंबीर वाटीभर करा, दुसरा भात बंद करा आणि संध्याकाळसाठी फुटाण्याचा डबा भरा. चौथ्या आठवड्यात दोन्ही जेवणांनंतर दहा मिनिटं चालायला लागा, शक्य तर घरातल्या कुणाला तरी बरोबर घेऊन.

महिना संपला की किराण्याची नवी यादी लिहायला घरातले सगळे एकत्र बसा. मागच्या महिन्याची यादी शेजारी ठेवा. तेल, साखर, फरसाण आणि बिस्किटं यांच्यासमोरचा आकडा कमी झाला असेल, तर वजन उतरायला लागलंय असं समजा. तो अजून तेवढाच असेल तर जिमची फी भरण्याआधी ती यादी दुरुस्त करा.